पोराच्या पहिल्या दाढीसाठी जुना रेझर

पुण्याच्या जुन्या बाजारात रविवारी सकाळी लवकर गेलं, की पथाऱ्या नुकत्याच मांडल्या जात असतात. पाने-पकडी, घड्याळांचे सुटे भाग, पितळी कुलपं आणि त्यांच्यातच एखाद्या पत्र्याच्या डब्यात एकमेकांत अडकलेले जुने रेझर. मुलाला यंदा अठरावं लागलं. त्याचा पहिला रेझर माझ्याकडून जावा आणि तो त्याला जन्मभर पुरावा, म्हणून मी त्या डब्यात हात घालतो.

पहिली चाळणी सोपी आहे. ज्याचं पातं आज सहज मिळत नाही, तो रेझर बाजूला. व्हॅलेट ऑटोस्ट्रॉप हा देखणा प्रकार, धार लावायच्या चामडी पट्ट्यासकट पेटीत मिळाला तर हातातून सुटत नाही. पण त्याचं एकधारी पातं कोपऱ्यावरच्या दुकानात मागून बघा! दुधारी पात्याच्या जिलेटचं तसं नाही. किंग कँप जिलेट यांना अमेरिकेत 15 नोव्हेंबर 1904 रोजी पेटंट मिळालं, आणि त्या घराण्यातल्या जुन्या रेझरमध्येही आजचं टोपाझ किंवा सेव्हन ओ'क्लॉक बिनतक्रार बसतं. विक्रीच्या पहिल्या वर्षी, 1903 मध्ये, अवघे 51 रेझर खपले होते. पुढे पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सैनिकांसाठी 35 लाख घेतले आणि घरोघरी स्वतःच्या हाताने दाढी करायची सवय पसरली. इतके बनले म्हणूनच आजही इतके सापडतात. हा नाही तर दुसरा मिळतो, घाई करायचं कारण नाही.

संग्राहकांचा जीव फॅटबॉयवर असतो. त्याच्या मानेवर एक ते नऊ आकड्यांची चकती असते, ती फिरवली की पातं कमी-जास्त उघडं पडतं. रेझर उत्तम, पण मऊ लव आणि मधूनमधून मुरुमं असलेल्या कोवळ्या गालाला नऊ आकडे कशाला? अशा गालाला टेक हवा. 1930च्या दशकाच्या शेवटी आलेला हा तीन भागांचा साधा रेझर: वरची टोपी, खालची पट्टी आणि दांडा. पात्यापुढे कंगव्यासारखे दाते नाहीत, सलग कठडा आहे. तो कातडी ताणून धरतो आणि पात्याला जेवढ्यास तेवढंच पुढे येऊ देतो.

मला एक मोह मात्र होता. 1951 पासून अमेरिकी जिलेटवर खूण कोरलेली असते, अक्षर म्हणजे साल आणि आकडा म्हणजे तिमाही. 'ए-2' म्हणजे 1955ची दुसरी तिमाही. 1955 हे माझ्या वडिलांचं जन्मसाल. त्या सालचा एक सुपर स्पीड डब्यात निघालाही. दांड्याची मूठ फिरवली की वरची दोन दारं उघडणारा, निकेल अजून झळकतंय असा.

"भाऊ, ब्लेड लावून बघू का?"

"बघा की, साहेब. बघायला पैसे पडत नाहीत."

नवं पातं मी घरूनच नेतो, कारण नुसत्या चकाकीवरून काहीच कळत नाही. हे पातं जेमतेम 0.1 मिलिमीटर जाडीचं असतं. मोकळं असताना ते लवलवतं. रेझरच्या गोलाव्यावर आवळून वाकवलं, की त्याला ताठपणा येतो. आवळणं एका बाजूला जरी ढिलं राहिलं, तरी धार थरथरते आणि गालावर ओढ बसते. रेझर आडवा धरून उजेडासमोर नेला. एका बाजूला धारेची बारीक, एकसारखी रेघ दिसत होती. दुसऱ्या बाजूचं दार एका टोकाला किंचित वर राहिलं होतं आणि तिथे धार जास्त बाहेर आली होती. कधीतरी फरशीवर पडला असणार. नखाने दाबून पाहिलं, दार हललं. वडिलांचं साल होतं, तरी तो डब्यात परत ठेवला. जी धार मुलाच्या गळ्यावरून फिरणार, तिथे सालाचा मान दुसरा.

मग एक इंग्लंडचा टेक हाती आला. साल नाही. टोपीच्या कडेचा मुलामा उडून पितळ दिसतंय, पट्टीखाली साबणाचा वाळका थर, दांड्याच्या खाचांत हिरवा कळंक. या कशानेच बिघडत नाही, पितळ धुतलं की निघतं. पण जस्ताच्या ओतकामाच्या रेझरवर मुलाम्याखाली खड्डे पडले असतील, तर तो घेऊ नये. ते वाढतच जातात. याचे आटे बोटानेच सरळ बसले, मध्ये कुठे अडकले नाहीत. पातं घालून उजेडाला धरला, तर दोन्ही बाजूंची रेघ सारखी. घासाघीस मी नावापुरतीच केली.

घरी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि जुना टूथब्रश एवढ्यावर तो निघाला. पांढरा क्षार राहिला होता तिथे पातळ लिंबूपाणी लावून लगेच धुतलं. आंबटात भिजत ठेवलं तर निकेल उतरतं. शेवटी सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून कोरडा केला. नवा मुलामा चढवून घेणार नाही. उडालेली कडा धारेच्या आड येत नाही.

पेटीत रेझरबरोबर तुरटीचा खडा आणि तीन-चार कंपन्यांच्या ब्लेडची पाकिटं ठेवलीत. एकाच टेकमध्ये एक ब्लेड मऊ चालतं आणि दुसरं ओरखडतं, ते ज्याचं त्यानेच लावून बघायचं. पहिल्या दिवशी मी शेजारी उभा राहीन तो एवढ्याचसाठी, की त्याने हाताचा जोर लावू नये, रेझर तिरका, साधारण 30 अंशांत धरून त्याच्या वजनानेच खाली उतरू द्यावा आणि पहिले काही महिने उलटा हात अजिबात मारू नये.