कपाटात विसरलेला पाइपचा तंबाखू : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वडिलांची खोली आवरताना किंवा स्वतःचाच जुना संग्रह खाली काढताना पाइपच्या तंबाखूचे विसरलेले डबे हाती लागतात. कुणी ते विलायतेहून आणलेले असतात, कुणी बोटीवरच्या नोकरीत घेतलेले. झाकण उघडण्याआधीच घरात दोन मतं पडतात : 'सडला असणार, टाकून द्या' आणि 'जुना आहे, मोलाचा असणार.' खरं तर नुसत्या वयावरून काहीच ठरत नाही. पान कोणतं, डबा किती घट्ट आणि मधली वर्षं कशा जागेत गेली, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. त्या पाहणाऱ्याला डबा बरंच काही सांगतो.

गैरसमज : काही वर्षांनी तंबाखू नासतोच.

वस्तुस्थिती : घट्ट बंद डब्यात, थंड आणि अंधाऱ्या जागी पाइपचा तंबाखू अनेक दशकं टिकतो. टिकता टिकता तो मुरतो. व्हर्जिनिया जातीचं पान भट्टीच्या कोरड्या उष्णतेत वाळवतात, त्यामुळे त्यात साखर भरपूर राहते. ही साखर, पानातला ओलावा आणि डब्यात उरलेली थोडी हवा यांच्या संगतीने पान संथपणे बदलत जातं. पिवळा रंग तपकिरी होतो, पुढे काळपट. सुरुवातीचा झोंबरेपणा उतरतो. असा डबा उघडला की मनुकांसारखा गोडसर किंवा व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो. त्या वासाला घाबरून पुष्कळ जण चांगला तंबाखू कचऱ्यात टाकतात. हवेवर थोडा वेळ ठेवला की तो वास निवळतो. नासल्याची खूण वेगळी आहे : ओल धरलेल्या खोलीसारखा कुबट दर्प. तो आला तर मोह धरू नये.

गैरसमज : जितका जुना, तितका चांगला.

वस्तुस्थिती : हे फार तर व्हर्जिनियाच्या बाबतीत खरं आहे. बर्ली जातीच्या पानात साखर जवळजवळ नसते, म्हणून ते फारसं बदलत नाही. लाताकियाची कथा उलटी आहे. सिरियातल्या बंदराचं नाव मिरवणारा आणि आज मुख्यतः सायप्रसमधून येणारा हा तंबाखू लाकडाच्या धुरावर धुरवतात. धुराचा तो गडद वासच त्याचं वैशिष्ट्य, आणि वर्षांगणिक तोच मवाळ होत जातो. लुइझियानातला पेरिक लाकडी पिंपांत दाबाखाली आंबवूनच तयार करतात, त्यामुळे त्याचं बरंचसं मुरणं डब्यात भरण्याआधीच झालेलं असतं. व्हॅनिला, चेरी, रम असे वास वरून लावलेल्या सुगंधी तंबाखूला वयाचा फायदा सगळ्यांत कमी. लावलेला वास उडतो आणि मागे चिकट, फिकं पान उरतं. म्हणून झाकण उघडण्याआधी लेबलावरची पानांची नावं वाचावीत.

गैरसमज : पानावर पांढरं दिसलं म्हणजे बुरशीच.

वस्तुस्थिती : मुरलेल्या व्हर्जिनियाच्या वड्यांवर कधी कधी बारीक स्फटिक येतात. टॉर्चच्या तिरक्या उजेडात ते चमकतात आणि पानाला कणाकणाने चिकटलेले दिसतात. बुरशी चमकत नाही. ती लोकरीसारखी, तंतुमय असते, पांढरी, राखाडी किंवा हिरवट दिसते आणि तिच्यासोबत कुबट वास असतो. भिंगातून पाहिलं की फरक कळतो. बुरशी असेल तर वरचा थर काढून खालचा ठेवण्यात अर्थ नाही. तिचे तंतू आणि बीजाणू दिसतात त्यापेक्षा खोल गेलेले असतात, आणि ते श्वासात जाणं धोक्याचं आहे. सगळा डबा टाकावा.

गैरसमज : कोरडा पडलेला तंबाखू बटाट्याची किंवा सफरचंदाची फोड ठेवून ओला करावा.

वस्तुस्थिती : हा उपाय पिढ्यान् पिढ्या सांगितला जातो आणि त्यानेच बुरशी येते. फोडीसोबत बीजाणू आत जातात आणि ओलावा एकाच जागी साचतो. तंबाखू रुंद वाडग्यात पसरावा, वाडग्याच्या तोंडावर ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेलं फडकं ताणून बांधावं, फडकं पानाला टेकू देऊ नये. दर काही तासांनी चिमटीत दाबून पाहावं. पान लवचिक झालं, पण गोळा होत नसेल, तर पुरे. ओलावा असा परत येतो. उडून गेलेला सुगंध मात्र येत नाही.

गैरसमज : फुगलेला डबा म्हणजे विषारी डबा.

वस्तुस्थिती : खाद्यपदार्थाचा फुगलेला डबा फेकलाच पाहिजे. तंबाखूचं तसं नाही. साखरेचं पान मुरताना वायू सुटतो, त्यामुळे डबा किंचित फुगू शकतो आणि तो अजून घट्ट असल्याचीच ती खूण असते. खरी काळजी गंजाची करावी. पत्र्याला सुईएवढं भोक पडलं तरी आतला तंबाखू वाळून जातो. मुंबई-कोकणातल्या पावसाळी हवेत पत्रा लवकर गंजतो. उघडलेला तंबाखू घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत ठेवावा. साध्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून काही महिन्यांत ओलावा निसटतो. फ्रीजची गरज नाही. अंधारं, थंड कपाट पुरतं.

गैरसमज : डब्यावर तारीख नाही, म्हणजे वय कळणार नाही.

वस्तुस्थिती : लेबल नीट वाचलं तर कालखंड सापडतो. ब्रिटिश डब्यावर किंमत शिलिंगमध्ये असेल तर तो १५ फेब्रुवारी १९७१ पूर्वीचा. त्या दिवशी ब्रिटनने दशमान नाणी स्वीकारली. भारतीय डब्यावर किंमत आण्यांत असेल तर तो बहुधा १ एप्रिल १९५७ च्या आधीचा. उत्पादकाचं नाव इम्पीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया असेल तर १९७० पूर्वीचा, कारण त्या वर्षी ती इंडिया टोबॅको कंपनी झाली आणि १९७४ मध्ये आय.टी.सी. बारकोड असलेला डबा १९७४ च्या आधीचा असूच शकत नाही.

गैरसमज : जुना डबा विकला की चांगले पैसे येतील.

वस्तुस्थिती : उघडलेल्या डब्यातल्या तंबाखूला जवळजवळ किंमत नसते. परदेशात संग्राहक पैसे मोजतात ते न उघडलेल्या, उत्पादन थांबलेल्या डब्यांसाठी. तिथेही नुसत्या नावावर जाता येत नाही. डनहिलने २०१८ मध्ये पाइपचा तंबाखू थांबवला, पण त्यातली प्रसिद्ध मिश्रणं पुढे पीटरसनच्या नावाने बाजारात आली. उलट, थ्री नन्स या तंबाखूचं नाव टिकलं, पण जुन्या मिश्रणातला पेरिक अलीकडच्या डब्यांत नाही. भारतात मुख्य अडचण कायद्याची आहे. २००३ च्या तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार वैधानिक इशारा नसलेल्या पाकिटातून तंबाखू विकता येत नाही आणि चित्रमय इशारे ३१ मे २००९ पासून सक्तीचे आहेत. जुन्या डब्यावर ते कुठून असणार? रिकामा, छापील चित्राचा पत्र्याचा डबा मात्र संग्रहाची वस्तू म्हणून जपण्यासारखा असतो.

गैरसमज : पाइप सिगारेटपेक्षा निरुपद्रवी, आणि मुरलेला तंबाखू तर सौम्यच.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सगळ्यांत घातक आहे. पाइपचा धूर छातीत ओढला नाही तरी निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. ओठ, तोंड, घसा, स्वरयंत्र आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा धोका पाइपनेही वाढतो. मुरल्याने चवीचा झोंबरेपणा कमी होतो. निकोटिन राहतं आणि जळताना तयार होणारी घातक द्रव्यंही तयार होतातच. जिभेला सौम्य लागणं आणि शरीराला सौम्य असणं यांचा काही संबंध नाही. तंबाखूचं पान गिळलं तर लहान मुलांना आणि पाळीव प्राण्यांना विषबाधा होऊ शकते, म्हणून सापडलेला डबा त्यांच्या हाती लागणार नाही असा ठेवावा.

डबा सापडला तर त्याचं लेबल वाचा, काळ ओळखा, पान पाहा, वास घ्या. एका पानाच्या लागवडीचा, व्यापाराचा आणि कारागिरीचा इतिहास त्यात आहे आणि तो समजून घेण्यासाठी पाइप पेटवावा लागत नाही. जो ओढत नाही, त्याने अशा डब्याच्या निमित्ताने सुरुवात करू नये. जो ओढतो, त्याने 'जुना आहे, बाधणार नाही' ही समजूत मनातून काढून टाकावी.