काळ्या मातीत सेप्टिक टाकी : पाणी जाणार कुठे?

आपल्या वस्त्यांमध्ये आता बहुतेक घरांत शौचालय आहे. पण जुलै-ऑगस्टमध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीच्या गावांत आरोग्य तपासणीला गेलो की आमच्या कानावर एकच तक्रार येते : "ताई, पाऊस लागला की संडास भरून येतो." टाकी लहान पडली असे घरच्यांना वाटते. गवंडीही तेच सांगतो आणि आणखी मोठी टाकी बांधायला लावतो. दोष बहुतेक वेळा टाकीचा नसतोच. टाकीतून बाहेर पडणाऱ्या पाण्याला जायला जागा नसते.

सेप्टिक टाकी म्हणजे अर्धेच काम. टाकीत गाळ तळाशी बसतो, तेलकट साय वर तरंगते, काही भाग कुजून कमी होतो. मधले पाणी मात्र बाहेर पडते. जेवढे आपण आत ओततो, जवळपास तेवढेच. ते दिसायला बरे दिसले तरी त्यात जुलाब, कावीळ, विषमज्वराचे जंतू असतात, जंतांची अंडी असतात. हे पाणी खऱ्या अर्थाने गाळले जाते ते मातीत. शोषखड्ड्यातून हळूहळू झिरपताना हवा खेळणारी माती जंतू अडवते. म्हणून टाकीचे माप काढण्याआधी माती कशी आहे हे विचारायचे.

काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते. बांधकाम होते मे महिन्यात. तेव्हा शोषखड्ड्यात चार बादल्या ओतल्या तर पाणी भेगांतून क्षणात गडप होते आणि सगळे खूश होतात. पहिल्या दोन मोठ्या पावसांत माती फुगून भेगा मिटतात, आणि शोषखड्ड्याचा हौद होतो. हीच फुगणारी माती टाकीच्या भिंती ढकलते, त्यांना तडे जातात. जिथे पावसाळ्यात भूजल वर येते, तिथे तर उलटे बाहेरचे पाणी टाकीत शिरते. प्लास्टिकची तयार टाकी रिकामी पुरून ठेवली तर ती पाण्याच्या दाबाने चक्क वर उचलली जाते.

माती तपासायला इंजिनिअर लागत नाही. जिथे शोषखड्डा घ्यायचा तिथे तेवढ्याच खोलीवर वीतभर रुंदीचे भोक घ्यावे आणि ते पाण्याने भरून रात्रभर भिजू द्यावे. भिजवणे टाळू नका. भेगा मिटल्याशिवाय खरे उत्तर मिळत नाही. दुसऱ्या दिवशी तळाशी वीतभर पाणी ठेवून पट्टीने मोजावे. अडीच सेंटीमीटर उतरायला तासाहून जास्त वेळ लागला, तर तिथे शोषखड्डा चालणार नाही. मग कितीही खोल खणा.

"मुरूम लागेपर्यंत खणा" हा सल्ला आम्ही अनेकदा ऐकतो. मुरमात पाणी जाते खरे. पण खालच्या काळ्या पाषाणाला भेगा असतील, तर तेच पाणी न गाळता शेजारच्या विहिरीत किंवा हातपंपात उतरू शकते. संडासाचा प्रश्न सुटला आणि कावीळ घरात आली, असा हा सौदा आहे.

ही अडचण फक्त आपल्या गावांची नाही. अमेरिकेत अलाबामा राज्यात लाउंड्स काउंटी आहे. बहुसंख्य लोक कृष्णवर्णीय, गरीब, आणि माती अशीच चिकण, पाणी न पिणारी. तिथे साधी सेप्टिक टाकी चालत नाही. जमिनीवर वाळूचा उंचवटा रचून, त्यात छिद्रांच्या नळ्यांतून पंपाने पाणी सोडायची योजना लागते, आणि तिला हजारो डॉलर पडतात. ज्यांना ते परवडत नव्हते त्यांच्या अंगणात मैला साचला, आणि राज्याने त्याच लोकांवर गुन्हे दाखल केले, अटकेचा धाक दाखवला. कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हे प्रकरण जगासमोर आणले. 2023 मध्ये केंद्रीय न्याय विभागाने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार करून अशी कारवाई थांबवली. 2025 मध्ये नव्या सरकारने तो करारच रद्द केला. माती खराब, सरकारची मदत नाही, आणि दोषी कोण, तर घरमालक! आपल्याला हे ओळखीचे वाटावे.

मग आपण काय बांधायचे? कुटुंब लहान असेल आणि पाणी बेताने वापरले जात असेल, तर दोन खड्ड्यांचे शौचालय सेप्टिक टाकीपेक्षा बरे. काळ्या मातीत त्या खड्ड्यांभोवती एक फूट जाडीचा वाळू-खडीचा थर भरायचा असतो; माती फुगली तरी जाळीदार बांधकामावर दाब येत नाही. जिथे भूजल उथळ आहे तिथे जोते उंच घेऊन खड्डे जमिनीच्या वर उचलायचे. आणि माती परीक्षेत अगदीच नापास झाली, तर टाकीपुढे खडीचा कप्पा बांधावा लागतो. पाणी त्यात खालून वर चढते, खडीवर वाढलेले सूक्ष्मजीव घाण खातात. तिथून पाणी तळ पक्का केलेल्या खडीच्या वाफ्यात सोडायचे आणि वाफ्यात कर्दळ लावायची. बाहेर येणारे पाणी झाडांना चालेल, पालेभाजीला नाही. हे एका घराला महाग पडते. आठ-दहा घरांनी मिळून एक वाफा केला तर परवडते, फक्त उतार आधी पाहावा लागतो. शौचालयासाठी मिळणाऱ्या 12,000 रुपयांत काळी माती कुणी धरलेलीच नाही. म्हणून वाढीव खर्चाची मागणी वित्त आयोगाच्या बंधित निधीतून व्हावी, आणि ती ग्रामसभेत, लेखी व्हावी.

टाकी तुंबली की पुढे काय होते? कुणाला तरी पाचशे-हजार देऊन आत उतरवले जाते. तो माणूस कोणत्या जातीचा असतो हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. टाकीतल्या हायड्रोजन सल्फाइडला आधी सडक्या अंड्यासारखा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. वास थांबला म्हणून निर्धास्त झालेला माणूस तिथेच कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय असे उतरवणे गुन्हा आहे. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तो खाजगी घरमालकालाही लागू आहे, आपल्यापैकी कुणाचे घर असेल तरीही. 20 ऑक्टोबर 2023 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई 10 लाखांवरून 30 लाख केली. टाकी दोन-तीन वर्षांनी यंत्राच्या गाडीनेच उपसून घ्या. त्यासाठी सरकारने 14420 हा क्रमांक जाहीर केलेला आहे. बांधतानाच गाडीची नळी पोहोचेल अशी जागा आणि उघडता येणारे झाकण ठेवा. फरशी घालून टाकी बुजवलेली आम्ही फार पाहतो.

एक काम या आठवड्यातच होईल. टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडाला बारीक जाळी घट्ट बांधा. हत्तीरोग पसरवणारा क्युलेक्स डास अशा टाक्यांत वाढतो. नागपूर, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या आशाताई हेच सांगत दारोदार फिरतात. जाळी फाटली तर बदलून घ्या.