पावसाळ्याआधी केबलला तेल

बेळगावात पाऊस लागला की दुचाकीच्या केबलमध्ये पाणी आणि माती शिरते. आतली तार गंजते, क्लच जड होतो. मेकॅनिक मराठी बोलो वा कन्नड, ‘केबल’ हा शब्द दोन्हीकडे तोच आणि तिच्याकडे होणारे दुर्लक्षही तेच! पण चोर्ला घाटात ती तुटली तर गिअर बदलणे मुश्कील होते.

मी हे काम मे महिन्यातच उरकतो. इंजिन बंद ठेवून, अॅडजस्टर सैल करून क्लचची केबल लिव्हरमधून सोडवावी. प्लॅस्टिकच्या पिशवीचा कोपरा कापून तो केबलच्या टोकाला रबरबँडने घट्ट बांधावा. टोक वर धरून पिशवीत थोडे इंजिन ऑइल ओतावे आणि तार वरखाली करत राहावी. खालून आधी काळे, मग स्वच्छ तेल येते. आत नायलॉनचे अस्तर असलेल्या केबलसाठी मात्र गाडीची पुस्तिका पाहावी. केबल परत बसवताना लिव्हरला पुस्तिकेत दिलेला सैलपणा ठेवावा.

तारेचा एक जरी पदर तुटलेला दिसला, तर तेलावर भागवू नका. नवी केबल घाला. अॅक्सिलरेटरची मूठ सोडताच आपोआप मागे आली पाहिजे; हँडल दोन्हीकडे वळवून तेही तपासा. गाडी घरातली मुलेही चालवतात, एवढे ध्यानात असू द्या.