वर्गसमीकरण आणि श्रीधराचार्यांची रीत

निपाणीकडचं तंबाखूचं आयताकृती रान घ्या. लांबी रुंदीपेक्षा १० मीटर जास्त, क्षेत्रफळ ६०० चौरस मीटर. रुंदी क्ष धरली की वर्गसमीकरण येतं: क्ष² + १०क्ष = ६००. भास्कराचार्यांनी ‘बीजगणिता’त दिलेली श्रीधराचार्यांची रीत अशी: क्ष²च्या सहगुणकाच्या चौपटीने गुणा, मग क्षच्या मूळ सहगुणकाचा वर्ग दोन्हीकडे मिळवा. ४क्ष² + ४०क्ष + १०० = २५००; म्हणजे २क्ष + १० = ±५०. मुळं २० आणि −३०. चौपटीमुळे अपूर्णांक टळतात, खुबी तीच. उणे रुंदीचं रान नसतं, म्हणून −३० सोडायचं.

भास्कराचार्यांचं माकडांचं कोडं जास्त खट्याळ आहे. कळपाच्या पाचव्या भागातून तीन वजा करून येणाऱ्या संख्येच्या वर्गाइतकी माकडं गुहेत, एक बाहेर. मुळं ५० आणि ५, दोन्ही धन! तरी ५ बाद, कारण तिथे वजाबाकी उणे दोन येते.