सगळ्यात जास्त मतं पडली, तरी खुर्ची गेली: व्हरमाँट, 1789

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, जास्त मतं घेऊन कोणी हरतं का? हरतं. तीच गोष्ट आज सांगतो.

अमेरिकेच्या ईशान्येला व्हरमाँट नावाचं छोटंसं डोंगराळ राज्य आहे. 1789 मध्ये ते अमेरिकेत सामीलही झालेलं नव्हतं, स्वतंत्रच कारभार चालायचा. गव्हर्नर होता थॉमस चिटेंडन. (गव्हर्नर म्हटल्यावर आपला राज्यपाल डोळ्यांसमोर आणू नका. हा लोकांनी निवडलेला, खराखुरा कारभारी.) गडी 1778 पासून दरवर्षी निवडून येत होता. एका डोळ्याने अधू, पण राजकारणात नजर पक्की!

मग एक प्रकरण बाहेर आलं. वुडब्रिज नावाच्या गावाची जमीन त्याने आयरा ॲलन या आपल्या जवळच्या माणसाच्या नावे केली होती, तीही विधिमंडळाला न विचारता. ॲलन कोण? राज्याचा खजिनदार राहिलेला माणूस. बोंब होणारच.

निवडणुकीत सगळ्यात जास्त मतं तरीही चिटेंडनलाच. पण मतं बऱ्याच जणांत फुटली होती, आणि तिथला नियम आपल्यासारखा नाही. आपल्याकडे एका मताने पुढे असलात तरी आमदार होता. तिथे निम्म्यापेक्षा जास्त मतं हवीत, नाहीतर निवड विधिमंडळाच्या हातात. मग विधिमंडळ आणि गव्हर्नरचं सल्लागार मंडळ एकत्र मतदानाला बसलं आणि त्यांनी निवडलं बेनिंग्टनच्या मोझेस रॉबिन्सनला. लोकांच्या मतांत तो मागे होता!

मला विचाराल तर हे अगदीच अन्यायाचं वाटत नाही. निम्म्याहून जास्त लोकांनी चिटेंडनला मत दिलंच नव्हतं ना! पण त्या लोकांना रॉबिन्सनच हवा होता, असं तरी कुठे सिद्ध झालं?

पुढच्याच वर्षी, 1790 मध्ये, चिटेंडन परत निवडून आला आणि 1797 पर्यंत गव्हर्नर राहिला. 1791 मध्ये व्हरमाँट अमेरिकेचं चौदावं राज्य झालं आणि रॉबिन्सन सिनेटवर गेला.

आणि तो नियम? अजून आहे. 2014 मध्ये पीटर शमलिन पुढे होते, पण निम्मी मतं नव्हती. जानेवारी 2015 मध्ये आमदारांनी गुप्त मतदान केलं: शमलिन 110, स्कॉट मिल्न 69. या वेळी पुढे असलेलाच जिंकला.

चला, भेटू पुढच्या भागात!