‘सारखा’, ‘जणूं’ आणि ‘नव्हेच’

अलंकार हा शब्द उच्चारला कीं पुष्कळांना शाळेंतील व्याकरणाचा तास आठवतो. ‘सारखा’ दिसला कीं उपमा, ‘जणूं’ दिसला कीं उत्प्रेक्षा, असें ठरवून परीक्षेंत गुण मिळवितां येतात; अलंकाराचें मर्म मात्र हातीं लागत नाहीं. ‘तो थोरल्या भावासारखा दिसतो’ या वाक्यांत ‘सारखा’ आहे, तरी उपमा नाहीं. दोन भिन्न वस्तूंमधील चमत्कृतिपूर्ण साम्य हा उपमेचा प्राण होय.

घरांतलेंच उदाहरण घ्यावें. ‘आजीचा हात सायीसारखा मऊ आहे.’ येथें हात हें उपमेय, साय हें उपमान, मऊपणा हा साधारण धर्म आणि ‘सारखा’ हा साम्यवाचक शब्द. दोन्ही वस्तू आपापल्या जागीं आहेत. ‘आजीचा हात म्हणजे जणूं सायच’ असें म्हणतांच त्या जवळ सरकतात, ही उत्प्रेक्षा. ‘आजीच्या हाताची साय कपाळावरून फिरली’ या रूपकांत दोहोंमधील भेदच मिटतो. ‘हा हात नव्हेच, ही साय आहे’ असें म्हटलें कीं उपमेयाचा निषेध होतो, ही अपन्हुती. आणि ‘सायीहूनही मऊ’ म्हटलें कीं उपमेय उपमानावर मात करतें, हा व्यतिरेक. हात तोच, साय तीच. बदलली ती बोलणाराच्या भावनेची उत्कटता.

हा भेद केवळ काव्यापुरता नाहीं. ‘राजा पित्यासारखा असतो’ असें कोणी म्हटलें, तर ‘कोणत्या बाबतींत?’ असें विचारण्यास ‘सारखा’ हा शब्द जागा ठेवतो. ‘राजा हा प्रजेचा पिताच’ या रूपकांत ती जागा उरत नाहीं. प्रजा आपोआप बालक ठरते, आणि जाब विचारणारा नागरिक म्हणजे अवज्ञा करणारें मूल होतें. युक्तिवाद एकही झालेला नसतो. सारें काम रूपकानें केलेलें असतें.

भरताच्या नाट्यशास्त्रांत उपमा, रूपक, दीपक व यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढें अप्पय्य दीक्षितांच्या कुवलयानंदांत ती संख्या शंभरावर गेली. तीं सारीं नांवें पाठ नसलीं तरी अडत नाहीं. वाचतांना वा ऐकतांना एवढेंच पाहावें, कीं दोन वस्तू किती जवळ आणल्या आणि त्यांतील कोणता भेद झांकला. काव्यांत त्या झांकण्यांतच आनंद असतो. व्यवहारांत तो भेद उघडून पाहणें हें सुजाणाचें कर्तव्य होय.