मैदान राखणाऱ्यांची तारीख

मुळशी खोऱ्यातली जुनी घरे १६ एप्रिल ही तारीख विसरत नाहीत. १९२१ साली त्या दिवशी, रामनवमीला, टाटांच्या धरणाविरुद्ध मावळ्यांनी सत्याग्रह आरंभिला. सेनापती बापट या लढ्याचे पुढारी झाले. धरण झालेच, भातखाचरे बुडाली. परंतु साधी माणसे बलाढ्यांपुढे उभी राहिली याची आठवण उरली.

क्रिकेटमध्येही अशी एक तारीख आहे : २४ ऑगस्ट. तिची मुळे आपल्या पुण्यातच आहेत.

गेल्या शतकाच्या आधीची गोष्ट. बाळू पालवणकर हा चर्मकार समाजातला तरुण पुण्यात गोऱ्या साहेबांच्या क्लबात महिना ४ रुपयांवर नोकरीला होता. मैदान झाडायचे, रोलर फिरवायचा आणि साहेबांना सरावासाठी चेंडू टाकायचे, हे त्याचे काम. बॅट मात्र हाती मिळत नसे. पुढे हिंदू संघात घेतले, तरी चहा बाहेर, वेगळ्या मातीच्या पेल्यात! त्याच बाळूच्या फिरकीच्या बळावर १९०६ साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभरावर बळी घेतले. एवढे करूनही कर्णधारपद त्याला मिळाले नाही. ते १९२३ साली त्याचा धाकटा भाऊ विठ्ठल याला मिळाले.

भारत इंग्लंडशी पहिली कसोटी १९३२ साली लॉर्ड्सवर खेळला. पण साहेबाच्या घरी कसोटी जिंकायला १९७१ साल उजाडावे लागले. कर्णधार अजित वाडेकर. ओव्हलवर चंद्रशेखरने ३८ धावांत ६ बळी घेतले आणि इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत आटोपला. त्या डावात बॅटीच्या अगदी जवळ उभ्या असलेल्या एकनाथ सोलकरने झेपावून ॲलन नॉटचा झेल टिपला. सोलकर कोण? मुंबईच्या हिंदू जिमखान्याचे मैदान राखणाऱ्या माळ्याचा मुलगा! विजयाला १७३ धावा हव्या होत्या. सहा गडी गमावून भारताने त्या केल्या, तो दिवस २४ ऑगस्टचा, गणेश चतुर्थीचा. मालिकाही आपली झाली.

रोलर ओढणारा बाळू आणि माळ्याचा एकनाथ, दोघेही मातीत राबणाऱ्या घरचे. गावच्या पटांगणात खेळणाऱ्या मुलांना ही हकिगत जरूर सांगा. आणि मैदान झाडणाऱ्या पोरालाही एकदा बॅट द्या.